मुखरूच्या कावडीतला टीव्ही

कुरखेड्याहून पुढे डांबरी रस्ता सोडून पायवाटेला लागलं, की नाल्यापल्याड खैरीटोला येतो. या टोल्यात, म्हणजे छोट्याशा वस्तीत, एखादी बाई कडेवरच्या लेकराकडे पाहून "अजून टीवीले भरत नाई माय" असं म्हणाली, तर नवख्या माणसाला वाटावं, बिचारीला ऊन लागलं असेल. टोल्यातल्या माणसाला मात्र त्यात काहीच नवल वाटायचं नाही. लेकरू अंगानं बारीक आहे आणि येत्या दिवाळीला त्याला मुखरूच्या अंगणात आणायला हवं, एवढं तो समजून घ्यायचा.

मुखरू जातीचा ढीवर. तलावात जाळं टाकायचं, मासे कावडीनं बाजारात न्यायचे, उरतील ते मीठ लावून वाळवायचे आणि पावसाळ्यात दोन बांध्या धान लावायचं, असा त्याचा संसार. माणूस सरळ, पण बोलण्याच्या बाबतीत भलता कंजूष. त्याची बायको धुरपता म्हणायची, "आमच्या घरी मासोळ्या पन ह्यायच्यापेक्षा जास्त बोलते." त्यावरही मुखरू काही बोलत नसे. या अबोल माणसाच्या घरात टोल्यातला पहिला टीव्ही आला, हीच मुळात गंमत. आणि तो कसा आला, ते ऐकण्यासारखं आहे.

त्र्याण्णव साल. टोल्यात वीज नुकती आली होती. त्या पावसाळ्यात मुखरूच्या मैनाला हिवतापानं धरलं. सोडलं, पुन्हा धरलं, पुन्हा सोडलं. सात वर्षांची पोर, पाऊस सरेपर्यंत तिच्या हाडांवर कातडी आणि खोबणीत डोळे एवढंच उरलं. एके बाजाराच्या दिवशी मुखरूनं तिला शेजारच्या मंगरूच्या बैलबंडीत घातलं, कावड आणि माशांच्या टोपल्याही त्याच बंडीत ठेवल्या आणि कुरखेड्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, ताप गेलाय, आता पोरीला खाऊ घाला. मासे विकून झाले, वाळवणासाठी खडामिठाची पिशवी घेऊन झाली, आणि तेवढ्यात बातमी आली, की मंगरू बंडी घेऊन परस्पर सासुरवाडीला गेला. मंगरूला सासुरवाडीची आठवण नेहमी अशा वेळीच व्हायची.

त्याच दिवशी वनखात्यातल्या एका साहेबांची बदली होऊन सामान निघालं होतं. साहेब मुखरूच्या माशांचे जुने गिऱ्हाईक. त्यांच्या घरी वीस इंची टीव्ही होता, लाकडी पेटीचा, पुढे दोन बाजूंना सरकणारी दारं असलेला. एवढं धूड कुठे नेता म्हणून त्यांनी तो मुखरूला पडत्या भावात देऊ केला होता आणि मुखरूनं कधी नव्हे ते चटकन हो म्हटलं होतं. का? तापात पडल्या पडल्या मैना म्हणाली होती, "बाबा, टीवीत मानसं कुठी बसतेत?" म्हणून.

आता कावडीचा कायदा एकच. एका शिंक्यात जेवढं वजन, तेवढंच दुसऱ्यात. एकीकडे टीव्ही ठेवला, तर दुसरीकडे काय ठेवायचं? धोंडे वाहून नेण्याइतका मुखरू खुळा नव्हता. शिवाय मैनाच्या पायात चालायचं बळ नव्हतं. त्यानं मागच्या शिंक्यात टीव्ही बांधला, पुढच्या शिंक्यात घोंगडी घालून मैनाला बसवलं, कावडीखाली खांदा दिला आणि उठला. मागचं टोक धपकन जमिनीला टेकलं. पुढची मैना वर उचलली गेली.

साहेबांचा स्वयंपाकी ओसरीवर उभा होता. तो मोठ्यानं हसला. "अरे मुखरू, तुझी पोरगी तर खोक्याहून हलकी निघाली रे!" त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. दिसलं ते तो बोलला. सामान बांधणारे हमालही हसले. पण मुखरूची नजर वर गेलेल्या शिंक्यावर खिळली. जन्मभर त्यानं माशांची वजनं हातानं जोखली होती. आपली पोर किती उरली आहे, हे मात्र त्याला आज, चार लोकांसमोर कळलं.

त्यानं मिठाची पिशवी उचलली आणि मैनाच्या मांडीवर ठेवली. कावड आडवी झाली. मग तो चालू लागला. पोर समोर राहावी म्हणून त्यानं तिला तोंड आपल्याकडे करून पुढे बसवलं होतं. मैना मिठाच्या पिशवीला मिठी मारून डोळे मिटून होती, आणि मागे टीव्ही करकरत होता. नाल्यात मांडीएवढं पाणी होतं, तेही त्यानं तसंच ओलांडलं.

घरी अख्खा टोला जमला. कुणी दारं सरकवून पाहतंय, कुणी पेटी वाजवून पाहतंय. मुखरूनं मैनाला आत नेऊन निजवलं आणि चुलीपाशी बसलेल्या धुरपताला एवढंच म्हणाला, "पोरगी टीवीले भरत नाई."

धुरपता समजली. बाई तोंडानं फटकळ, पण इशारा पकडण्यात नवऱ्याची गुरू. त्या दिवसापासून जाळ्यात लागलेला सगळ्यात चांगला मासा बाजारात जाईना. बिनकाट्याचा तुकडा मैनाच्या ताटात पडू लागला. गिऱ्हाइकांनी विचारलं, की मुखरू सांगायचा, "लागला नाई." एवढं एकच खोटं तो बोलायचा, आणि तेही धड जमत नसे.

दिवाळीला भिंती पोतारायच्या म्हणून टीव्ही खाली काढला. मुखरूनं अंगणातल्या कडुनिंबाच्या फांदीला कावड मधोमध बांधून टांगली. एका शिंक्यात टीव्ही, एका शिंक्यात मैना. मीठ लागलंच, पण पिशवी अर्धी पुरली. पुढच्या दिवाळीला मीठ नुसतं चिमूटभर राहिलं. आणि त्याच्या पुढच्या दिवाळीला मैना बसली मात्र, टीव्ही डुलत डुलत वर गेला आणि तिचे पाय जमिनीला टेकले. पोरांनी टाळ्या पिटल्या. धुरपतानं टोलाभर गूळ-फुटाणे वाटले. मुखरू फांदीकडे बघत कितीतरी वेळ उभा होता, जणू कडुनिंबाला आंबे लागले होते.

तिथून ती रीतच पडली. अंगणवाडीत काटा होता, पण त्यावरचे आकडे किती जणींना कळायचे? टीव्ही वर गेला म्हणजे पोर सुधारलं, हे आंधळ्यालाही दिसतं. दर दिवाळीला बायका आपापली किडमिडी लेकरं घेऊन मुखरूच्या अंगणात येत. गोंडटोल्यातली बुधरी नाला ओलांडून नातवाला घेऊन यायची आणि नातू भरला नाही, की टीव्हीलाच रागवायची.

बाकीचे दिवस टीव्ही टीव्हीसारखा वागे, म्हणजे आपल्या मर्जीनं. बटण दाबलं, की आधी नुसती गुणगुण. मग अंधारात उजेड, उजेडात मुंग्या, आणि पुष्कळ आर्जवं केल्यावर माणूस. छपरावरचा अँटेना मंगरूनं फिरवायचा, आतून साऱ्यांनी ओरडायचं, "आला, आला! गेला!" चित्र वर वर सरकायला लागलं, की धुरपता टीव्हीच्या कुशीत एक चापट द्यायची. तीही नेमकी, जाऊबाईच्या पोराला देतात तशी, लागेल पण दिसणार नाही अशी. टीव्ही बंद केल्यावरसुद्धा काचेच्या मधोमध एक पांढरा ठिपका रेंगाळायचा. तो विझेपर्यंत कुणी उठत नसे.

त्याचं डोकं नेहमी गरम. पावसाळ्यात काडेपेटी तिथे, मांजर तिथे, मैनाची ओली वही तिथे. एका झडीत तर धुरपतानं झिंगे वाळायला त्यावर पसरले. चार दिवस बातम्या सांगणारी बाई पडद्यावर आली, की साऱ्या खोलीला सुक्या झिंग्यांचा वास यायचा. पुढे टीव्ही धुऊनपुसून काढला, तरी पावसाळी हवेत तो वास यायचाच.

मैना वाढली. एका दिवाळीला म्हणाली, "मी नाई बसत आता, लाज वाटते." मुखरूनं कावड फांदीवरून सोडून घेतली. पुढे तिचं लग्न झालं, बल्लारपूरला. जावई स्वप्निल पेपर मिलमध्ये ठेक्यावर कामाला, पोरगा भला, हसतमुख, जरा घाईचा. मैना गेली आणि घरात दोघं उरली, तिसरा टीव्ही. मुखरू त्याच्यासमोर बसायचा, पण बघायचा कितपत, शंकाच होती. हळूहळू टीव्हीही थकला. चित्र आकसलं, पडद्याच्या मधोमध एक पट्टी उरली. कुरखेड्याचा मेकॅनिक म्हणाला, ट्यूब गेली, आता याचं काही होत नाही. मुखरू म्हणाला, "आवाज येते ना," आणि पैसे देऊन घरी आला.

दोन हजार नऊची दिवाळी जवळ आली. मंगरूच्या मोबाइलवर मैनाचा फोन आला. "बाबा, तुमच्यासाठी टीवी घेतला. भिंतीवरचा, बत्तीस इंची. तुमाले आता बारीक दिसत नाई ना. आमी घेऊन येतो. अन् जुना टीवी बदल्यात द्यायचा आहे, दुकानवाल्यानं तसंच बोलून देल्लं हाये. त्याच्यावरच सूट भेटली."

मुखरूनं फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाला, "बरं."

फोन ठेवल्यावर तो घरात जाऊन टीव्हीसमोर बसला. टीव्ही बंद होता. लेकीनं हौसेनं आणलेली वस्तू नको म्हणायची, तर तिचं मन मोडायचं. हो म्हणायचं, तर हा जाणार. धुरपतानं दोनदा विचारलं, "काऊन असे बसून राह्यले?" मुखरू पंचानं टीव्हीची काच पुसू लागला. तिला काय, त्यातलं उत्तर कळायचं.

येण्याच्या दिवशी मुखरू पहाटेच तयारीला लागला. वीस इंची टीव्हीला एक पोर आणि मिठाची पिशवी लागली होती. मग बत्तीस इंचीला किती लागेल? त्यानं आपला हिशेब केला, धानाची दोन पोती अर्धी अर्धी भरली, दोन शिंक्यांत घातली आणि कावड घेऊन डांबरी रस्त्यावर जाऊन उभा राहिला. विचार असा, की जाताना धान दोन्हीकडे, येताना दोन्ही पोती एका बाजूला आणि टीव्ही दुसऱ्या बाजूला. कावडीनं जगणाऱ्या माणसाचा हा हिशेब. त्यात चूक काढायला जागा नव्हती.

बस आली. आधी मैना उतरली, कडेवर चार वर्षांची दीपिका. मागून स्वप्निल, काखेत एक चपटं खोकं.

"टीवी कुठी आहे?" मुखरूनं विचारलं.

"हाच तर आहे मामाजी," स्वप्निल म्हणाला.

मुखरूनं खोकं हातात घेतलं. वर केलं, खाली केलं. मग हळूच म्हणाला, "जावईबापू, दुकानवाल्यानं आतलं सामान भरलं ना?"

स्वप्निल असा हसला, की बसचा कंडक्टरही वाकून बघू लागला. तरी मुखरूनं खोकं शिंक्यात ठेवून पाहिलं. कावड उचलली आणि धानाच्या बाजूला अशी कोसळली, की खोकं त्याच्या कानापर्यंत वर आलं. एक पोतं काढलं, तरी तेच. शेवटी स्वप्निलनं खोकं डोक्यावर घेतलं आणि शीळ घालत पुढे निघाला. मुखरू मागून जशी आणली तशी धानाची कावड परत घेऊन आला. टोल्याला विषय मिळाला. मंगरू ओरडला, "काय मुखरूभाऊ, धानाले फिरायले नेल्लं होतं का?"

पण मुखरूचं लक्ष मंगरूकडे नव्हतं. रस्त्यात कावड खाली टेकवली, तेव्हा हात भरून आलेल्या मैनानं दीपिकाला थोडा वेळ आजोबाकडे दिलं होतं. नातीला उचललं आणि मुखरूचा हात नको इतका वर गेला. "ताप आल्ता का हिले?" त्यानं विचारलं. मैना म्हणाली, "महिनाभर होता. आता बरी आहे." घरी पोचेपर्यंत त्याची नजर पुनःपुन्हा दीपिकाच्या पायांकडे जात होती.

नवा टीव्ही भिंतीवर चढला. खोटं कशाला बोला, चित्र सुरेख होतं. नदीचं पाणी पाणी दिसत होतं, माणसाच्या मिशीचा केस न् केस मोजता येत होता. ना गुणगुण, ना मुंग्या. धुरपतानं सवयीनं काडेपेटी ठेवायला हात वर नेला आणि भिंत चाचपून खाली आणला. मांजरानं उडी मारली, तीही वाया गेली. "वरतून कुठी ठेवाले जागाच नाई याले," धुरपता म्हणाली. मैना हसली, पण आईच्या हातातली काडेपेटी बघून तिलाही कसंसंच झालं.

सकाळी स्वप्निल म्हणाला, "मामाजी, नवाच्या जीपनं मी जुना टीवी घेऊन जातो. रस्त्यापर्यंत कसा न्यायचा?"

मुखरू उठला आणि कावड घेऊन आला. साऱ्यांना वाटलं, म्हाताऱ्यानं मन घट्ट केलं. जावई आणि मंगरू, दोघांनी धापा टाकत टीव्ही अंगणात आणला. मुखरूनं तो शिंक्यात बसवला. मग दोर घेतला आणि कावड मधोमध बांधून कडुनिंबाच्या फांदीला टांगली. टीव्ही जमिनीवर टेकला, दुसरं शिंकं वर हवेत लोंबत राहिलं.

"हे काय करून राह्यले मामाजी? जीप निघून जाईन," स्वप्निल म्हणाला.

मुखरूनं दीपिकाला उचललं आणि वरच्या शिंक्यात बसवलं. काहीच झालं नाही. टीव्ही जागचा हललासुद्धा नाही. पोर पाय हलवत झोका समजून खिदळू लागली.

अंगणात दुसरं कुणीच हसलं नाही.

धुरपता आत गेली आणि मिठाची पिशवी घेऊन आली. कुणी तिला सांगितलं नव्हतं. तिनं ती नातीच्या मांडीवर ठेवली. टीव्ही तरी उठेना. ती पुन्हा आत गेली, दुसरी पिशवी आणली.

"अहो, चार वर्षाची आहे ती!" स्वप्निल आता खरंच गोंधळला. "टीवीले कशी भरन?"

"म्हनूनच," मुखरू म्हणाला. "भरन तवा ने. मले घाई नाई."

मैनाचा चेहरा उतरला. "म्हनजे मी खाऊ घालत नाई का हिले बाबा? ताप होता म्हनून झटकली ती. तिकडं का कमी आहे काई?" लेकराच्या आईला हे कुणी म्हणावं लागत नाही, ती आधीच स्वतःला रोज म्हणत असते.

मुखरूची तर भंबेरी उडाली. त्याला तसं म्हणायचंच नव्हतं. आयुष्यात कधी लागली नाही एवढी शब्दांची गरज त्याला आत्ता लागली, आणि शब्द तर साठवलेलेच नव्हते. तो टीव्हीच्या लाकडी डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "तुले बोलून नाई राह्यलो माय. तू पन नव्हती भरत. मीच तुले... या टीवीसंगं तोललो. तवा मले का वाटलं, ते..." एवढ्यावर गाडं अडलं.

मैनानं दीपिकाच्या मांडीवरची पिशवी नीट केली. मग हळू आवाजात म्हणाली, "मले मालूम आहे बाबा."

"का मालूम आहे?"

"त्या दिवशी मी झोपली नव्हती. डोळे किलकिले करून पाहून राह्यली होती. तुमी नाल्यापासून घरापर्यंत रडत आले."

मुखरूनं मान खाली घातली. सोळा वर्षं हे गुपित आपल्यापाशीच आहे, असं त्याला वाटत होतं. धुरपतानं नवऱ्याकडे असं पाहिलं, जसं पहिल्यांदाच पाहते आहे. मग पदरानं तोंड पुसून ती म्हणाली, "अन् मले म्हने, पानी उडलं तोंडावर."

स्वप्निलला हळूहळू उमगत होतं. टीव्हीकडे, मिठाकडे, आपल्या पोरीच्या काडीसारख्या पायांकडे त्यानं आळीपाळीनं पाहिलं. डांबरी रस्त्यावर जीपचा भोंगा वाजला, दोनदा वाजला, आणि जीप निघून गेली.

"दुकानवाल्याले मी सांगते," मैना म्हणाली. "सूट नाई भेटली तं नाई भेटली." तिनं आईच्या हातातली मिठाची दुसरी पिशवी घेतली आणि वाकून लेकीच्या मांडीवर ठेवली. करकरत, आढेवेढे घेत टीव्ही जमिनीवरून उठला. कावड आडवी झाली.

मुखरूनं नातीच्या मांडीवरच्या त्या दोन पिशव्यांकडे निरखून पाहिलं. यंदा किती मीठ लागलं, हे त्यानं मनात पक्कं केलं. मग जाळं खांद्यावर टाकलं आणि तलावाच्या वाटेला लागला. आज लागलेला मोठा मासा बाजारात जाणार नव्हता.